यंदा पाच, गेल्या वर्षी दोन: डाऊन सिंड्रोम वाढला की मोजणी चुकली?

पत्र: मी विदर्भातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात प्रसूती विभागाची परिसेविका आहे. आमच्याकडे वर्षाला साधारण २,२०० बाळं जन्मतात. गेल्या आर्थिक वर्षात डाऊन सिंड्रोमची (२१ वं गुणसूत्र जास्तीचं असलेली) दोन बाळं होती, यंदा मार्चअखेर पाच झाली. त्यांतलं एक खासगी दवाखान्यात जन्मलेलं, कावीळ वाढली म्हणून आमच्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) आलेलं. एक गेल्या जूनमध्ये आरबीएसकेच्या (मुलांच्या आरोग्यतपासणीच्या सरकारी कार्यक्रमाच्या) पथकाला अंगणवाडीत सापडलं, तेव्हा ते सात महिन्यांचं होतं. जन्म मात्र आमच्याकडचाच. तिघांचे गुणसूत्रांचे अहवाल आलेत, एकाचा यायचाय, आणि एकाचा नमुना ‘पेशींची वाढ झाली नाही’ असा शेरा मारून परत आला. ते बाळ आता महिन्याचं आहे. गावात कुणी कपाशीवरच्या फवारणीला दोष देतं, कुणी ग्रहणाला. एक वार्ताहर दोनदा येऊन गेला. अधीक्षक म्हणतात, ‘सिस्टर, नीट नोंद ठेवा आणि प्रमाण काढून द्या.’ वही मी ठेवीन, पण प्रमाण नेमकं कसं काढायचं? आणि पाच म्हणजे खरंच जास्त का?

उत्तर: सिस्टर, नमस्कार.

आधी तुमचे पाच तपासू, कारण ते पाच नाहीत. खासगी दवाखान्यातलं बाळ तुमच्या अंशात घेता येत नाही. त्या दवाखान्यात जन्मलेली बाकीची बाळं तुमच्या २,२०० च्या छेदात कुठे आहेत? एसएनसीयूच्या नोंदीत प्रत्येक बाळापुढे इनबॉर्न (इथे जन्मलेलं) की आउटबॉर्न (बाहेर जन्मलेलं) हे लिहिलेलं असतंच. प्रमाणासाठी फक्त इनबॉर्न घ्यायची. आता अंगणवाडीतलं बाळ. जूनमध्ये सात महिन्यांचं, म्हणजे जन्म नोव्हेंबरचा, म्हणजे आधीच्या आर्थिक वर्षातला. निदान यंदा झालं म्हणून बाळ यंदाचं होत नाही. ते जन्माच्या वर्षातच मोजायचं. झालं! यंदाच्या पाचाचे उरले तीन, आणि गेल्या वर्षीच्या दोनाचे झाले तीन. वार्ताहराची बातमी इथेच संपते.

अर्थात यंदाचे तीनही अजून कच्चेच आहेत. ज्या बाळाचा नमुना परत आला, ते अहवाल येईपर्यंत ‘संशयित’. शिवाय यंदा जन्मलेलं एखादं बाळ पुढच्या जूनमध्ये अंगणवाडीत सापडू शकतं. म्हणून वर्ष संपल्यावरही त्या वर्षाचं पान बारा महिने उघडं ठेवा आणि मगच आकडा पक्का करा. ‘यंदाचा कच्चा’ आणि ‘गेल्या वर्षीचा पक्का’ शेजारी ठेवून तुलना करू नका. कच्चा नेहमी कमी दिसतो आणि दरवर्षी ‘प्रमाण घटलं’ असा खोटा आनंद होतो. वर्ष एप्रिल ते मार्च धरा की जानेवारी ते डिसेंबर, एकच धरा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाका.

पहिल्या पानावर अजून एक गोष्ट हवी: ही मोजणी रुग्णालयाची की तालुक्याची? दोन्हींत फरक आहे, आणि आपल्याकडे तो माहेरामुळे फार पडतो. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी येते. तिचं राहणं सासरच्या जिल्ह्यात, प्रसूती तुमच्याकडे. उलट तुमच्या तालुक्यातल्या सुना पहिल्या खेपेला दुसरीकडे जातात. त्यात गुंतागुंत दिसली की बाई मोठ्या रुग्णालयात पाठवली जाते, म्हणजे सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात काही दिसलं तर ती तुमच्याकडे प्रसूत होतच नाही. मोठ्या रुग्णालयांचं प्रमाण फुगलेलं दिसतं ते याचमुळे. तुमच्या एकट्या वहीतून तालुक्याचं प्रमाण निघणार नाही. ‘आमच्या रुग्णालयात जन्मलेली बाळं’ एवढंच म्हणा. राहण्याचं गाव मात्र लिहीत चला, म्हणजे उद्या जिल्ह्याने सगळ्या वह्या एकत्र केल्या तर बाळं आपापल्या तालुक्यात घालता येतील.

आता ‘जास्त’ म्हणजे किती, ते बघू. मुंबई, दिल्ली आणि बडोदा इथल्या रुग्णालयांत मिळून ९४,९१० नवजात बाळं तपासली गेली होती. त्यात डाऊन सिंड्रोमचं प्रमाण १,१५० बाळांत एक आलं. जागतिक पातळीवर साधारण ८०० ते १,००० त एक असं सांगितलं जातं. २,२०० जन्मांना हे लावलं तर १,१५० च्या हिशेबाने वर्षाला १.९ बाळं अपेक्षित, ८०० च्या हिशेबाने २.७५. पण १.९ बाळं कधीच जन्मत नाहीत. कधी शून्य, कधी दोन, कधी पाच जन्मतात. सरासरी १.९ असेल तर साधारण सात वर्षांत एक वर्ष कोरं जातं, आणि बावीस-तेवीस वर्षांत एखाद्या वर्षी पाच किंवा जास्त बाळं येतात. सरासरी २.७५ असेल तर दर सात वर्षांत एकदा पाच किंवा जास्त. कुठलंही कारण नसताना, निव्वळ योगायोगाने. राज्यात तुमच्याएवढी रुग्णालयं कितीतरी आहेत. दरवर्षी त्यांतल्या काहींत पाच बाळं येणारच, आणि वार्ताहर नेमका तिथेच जाणार. शून्य आलेल्या रुग्णालयात कोण कशाला जाईल?

थोडक्या आकड्यांच्या भोवती किती मोठा पट्टा असतो, तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा. मोजलेली बाळं शून्य असली तरी खरी सरासरी ० ते ३.७ मध्ये कुठेही असू शकते. एक असेल तर जवळपास ० ते ५.६, तीन असतील तर ०.६ ते ८.८, पाच असतील तर १.६ ते ११.७, दहा असतील तर ४.८ ते १८.४. हा ९५ टक्के खात्रीचा पट्टा. म्हणजे खरोखरच पाच बाळं असती, तरी तुम्हाला ‘१,३६० त एक ते १९० त एक यांमध्ये काहीतरी’ एवढंच म्हणता आलं असतं. दोन वर्षांचे पट्टे एकमेकांवर इतके चढलेले असताना ‘अडीचपट वाढ’ हे शब्द उच्चारूही नका. आकडा वीस टक्के इकडेतिकडे एवढा तरी नेमका हवा असेल तर शंभरेक बाळं लागतात, म्हणजे जवळपास एक लाख जन्म. तुमच्या रुग्णालयाला त्याला ४५ वर्षं लागतील. वर्षाला ४०,००० जन्म होणाऱ्या जिल्ह्याला अडीच वर्षं पुरतात. म्हणून अधीक्षकांना दरवर्षीचं प्रमाण देऊ नका. तीन-तीन वर्षांची बेरीज द्या, दर वर्षी जुनं एक वर्ष सोडून नवं एक जोडत.

याहून मोठी चूक होते ती आईच्या वयाच्या बाबतीत. डाऊन सिंड्रोमची शक्यता वयाबरोबर वाढते हे तुम्हाला ठाऊकच आहे: जन्माच्या वेळी आई २० वर्षांची असेल तर साधारण १,५०० बाळांत एक, ३० ला ९०० त एक, ३५ ला ३५० त एक, ४० ला १०० त एक, ४५ ला ३० त एक. तेव्हा दोन वर्षांची किंवा दोन तालुक्यांची तुलना करायची तर आयांची वयं सारखी आहेत का, हे आधी बघावं लागतं. समजा तुमच्या २,२०० पैकी १,००० बाळांच्या आया २५ च्या आतल्या, ८०० च्या २५ ते २९, ३०० च्या ३० ते ३४, ८५ च्या ३५ ते ३९ आणि १५ च्या चाळिशीपुढच्या. प्रत्येक गटाला ढोबळ दर लावा: १,४५० त एक, १,२०० त एक, ७०० त एक, २४० त एक, ७५ त एक. अपेक्षित बाळं येतात अनुक्रमे ०.६९, ०.६७, ०.४३, ०.३५ आणि ०.२०, बेरीज २.३४. आता पहिले दोन आकडे पुन्हा बघा. २.३४ पैकी १.३६ बाळं तिशीच्या आतल्या आयांची, म्हणजे निम्म्याहून जास्त! प्रत्येकीची शक्यता कमी, पण त्या आयाच मुळात संख्येने खूप. ‘बाई तरुण आहे, तिच्या बाळाला कसं असेल’ म्हणून बाळ नीट न बघता घरी पाठवलं जातं ते इथेच, आणि मग ते सातव्या महिन्यात अंगणवाडीत सापडतं.

हिशेब असा ठेवायचा, तर छेदही वयोगटांप्रमाणे हवा. दर महिन्याला प्रसूती कक्षाच्या रजिस्टरवरून पाच गटांत खुणा करून बेरीज मांडली की अर्ध्या तासाचं काम. प्रसूती मोजू नका, बाळं मोजा. जुळी म्हणजे दोन. आणि ‘वय’ लिहू नका, जन्मतारीख लिहा. विचारून घेतलेलं वय २५, ३०, ३५ असं गोल होतं आणि नेमकं गटाच्या सीमेवर जाऊन बसतं. आधार कार्डावरही १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली तर ती बहुधा अंदाजाने टाकलेली असते. तिथे शाळा सोडल्याचा दाखला आहे का विचारा. नसेल तर तारखेपुढे ‘अंदाजे’ लिहा.

फक्त जिवंत जन्म मोजले की काय निसटतं, याचं सगळ्यांत स्पष्ट उदाहरण इंग्लंड आणि वेल्सचं आहे. तिथे १ जानेवारी १९८९ पासून डाऊन सिंड्रोमची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. त्यांनी प्रसूतिगृहांच्या मागे न लागता गुणसूत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळांना धरलं. निदान पक्कं व्हायला नमुना प्रयोगशाळेत जातोच, मग तो गर्भजलाचा असो की बाळाच्या रक्ताचा. आणि प्रयोगशाळा मोजक्याच. १९८९/९० मध्ये एकूण निदानं होती १,०७५. २००७/०८ मध्ये १,८४३, म्हणजे ७१ टक्के वाढ. त्याच काळात जिवंत जन्मलेली बाळं ७५२ वरून ७४३. नुसती दुसरी जोडी बघणारा म्हणेल, वीस वर्षांत काहीच बदललं नाही. प्रत्यक्षात दोन गोष्टी उलट दिशांनी ओढत होत्या: बायका उशिरा आई होऊ लागल्याने डाऊन सिंड्रोमचे गर्भ वाढले, आणि गर्भातच निदान होऊन गर्भपातही वाढले. तपासण्या नसत्या तर २००७/०८ मध्ये १,४२२ बाळं जन्मली असती असा त्यांचा हिशेब आहे.

मग १,८४३ का नाहीत? कारण गर्भात सापडलेला प्रत्येक गर्भ नऊ महिने टिकत नाही. गर्भजल तपासणीच्या वेळी डाऊन सिंड्रोम असलेल्या गर्भांपैकी साधारण पाव हिस्सा पुढे आपोआप जातो. तेव्हा गर्भपाताचा आकडा जन्मांत सरळ मिळवला तर बेरीज फुगते.

युरोपातल्या नोंदवह्यांचं जाळं, युरोकॅट, १९७९ पासून तीन आकडे वेगवेगळे ठेवतं: जिवंत जन्म, २० आठवड्यांपुढचे मृतजन्म, आणि दोषामुळे केलेले गर्भपात. तुम्हीही तीन रकाने करा, छेदात जिवंत आणि मृत असे सगळे जन्म घ्या, आणि प्रमाण दहा हजारांवर मांडा. एकत्र आकडा देताना प्रत्येक वेळी सांगा, गर्भपात धरून की सोडून. हे न सांगितलेलं प्रमाण कशाशीच ताडता येत नाही.

इथे आपल्या कायद्याचे दोन काटे आहेत. गर्भपाताची नोंदवही कायद्याने गोपनीय असते, तिच्यातून नाव उतरवायचं नाही. जबाबदार डॉक्टरांकडून फक्त संख्या आणि आईचा वयोगट घ्या. आणि गर्भाच्या ओळीत लिंगाचा रकाना कोराच ठेवायचा. प्रयोगशाळा गर्भाच्या अहवालात लिंग लिहीत नाहीत. तुमच्या वहीतही ते कुठून येता कामा नये.

वहीची ओळ अशी आखा: आईचा आरसीएच क्रमांक (सरकारी माता-बाल नोंदणीचा), आईची जन्मतारीख, गेल्या वर्षभराचं राहण्याचं गाव, बाळाची जन्मतारीख, लिंग, वजन, गर्भाचे आठवडे, जन्म इथला की बाहेरचा, संशय कुणाला आणि कोणत्या दिवशी आला, नमुन्याची तारीख, अहवालाची तारीख, अहवाल जसाच्या तसा. त्यापुढे चार तारखा: हृदयाचा इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, ऐकण्याची तपासणी, डीईआयसीत (जिल्ह्याच्या लवकर उपचार केंद्रात) पहिली भेट. बाहेर जन्मलेली बाळंही लिहायचीच, त्यांनाही इको लागतो. फक्त प्रमाणात धरायची नाहीत. नावावरून जुळवणी करू नका. एकच बाळ एसएनसीयूत ‘बेबी ऑफ’ आईचं माहेरचं नाव, लसीकरणात सासरचं नाव, आणि अंगणवाडीत बारशाचं नाव घेऊन येतं. तीन ठिकाणी सापडलं की तीन बाळं होतात. आरसीएच क्रमांक आणि बाळाची जन्मतारीख जुळली की एकच ओळ. आणि मेहेरबानी करून जुन्या डॉक्टरांच्या सवयीने ‘मंगोल’ लिहू नका. जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द १९६५ मध्येच टाकून दिला.

अहवाल जसाच्या तसा उतरवा म्हटलं, त्याला कारण आहे. ‘४७, एक्सवाय, +२१’ असा असेल तर २१ वं गुणसूत्र सुटं जास्तीचं आहे. शंभरातली ९५ बाळं अशी. पण तीन-चार बाळांत ते जास्तीचं गुणसूत्र दुसऱ्याला, बहुतेक वेळा १४ व्याला, चिकटलेलं असतं आणि एकूण मोजणी ४६ च येते. घाईत वाचणारा ‘४६, नॉर्मल’ समजून मोकळा होतो. अशा बाळाच्या आईवडिलांचीही गुणसूत्रं तपासावी लागतात, कारण काही घरांत ती जोडणी आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असते आणि पुढच्या बाळंतपणात शक्यता पुष्कळ वाढते. एक-दोन बाळांत काही पेशी ४६ च्या, काही ४७ च्या, म्हणजे मोझेइक. रोगसंकेतांक हवे असतील तर सुटं ते क्यू ९०.०, मोझेइक क्यू ९०.१, चिकटलेलं क्यू ९०.२, आणि अहवाल नसेल तोवर क्यू ९०.९. फिश किंवा क्यूएफ-पीसीआर ही झटपट तपासणी दोन-तीन दिवसांत ‘हो की नाही’ सांगते, पण चिकटलेलं की सुटं हे सांगत नाही. म्हणून कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची पूर्ण तपासणी, हवाच.

आता तुमचा परत आलेला नमुना. ही तपासणी मेलेल्या पेशींवर होत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रयोगशाळेत तीन दिवस वाढवाव्या लागतात, तेव्हा कुठे गुणसूत्रं दिसतात. त्या पेशी वाटेत मेल्या की ‘वाढ झाली नाही’. नेहमीची चूक नळीची असते. हिमोग्राम रोजचा, त्यामुळे हात जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीकडे जातो, आणि ईडीटीएत पेशी नीट वाढत नाहीत. लागते हिरव्या झाकणाची सोडियम हेपॅरिनची. हिरवं झाकण लिथियम हेपॅरिनच्या नळीलाही असतं, आणि तीही चालत नाही, तेव्हा झाकणावर न जाता लेबल वाचा. नवजात बाळाचं १ ते २ मिलि रक्त पुरतं. घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हळू उलटीपालटी करा; गुठळी झाली की गेलं. फ्रीजरमध्ये कधीच नाही, बर्फाला टेकवूनही नाही. पण विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये एसटीच्या टपावरून गेलेला डबाही नमुना शिजवतो. थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून नळीपासून लांब, आणि २४ तासांत, फार तर ४८ तासांत पोहोचेल असा. शुक्रवारी दुपारी घेतलेला नमुना शनिवार-रविवार कुठल्यातरी टेबलावर पडून राहतो. सोमवार ते बुधवार घ्या. बाळाला रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधी, नाहीतर रक्तदात्याच्या पेशी मिसळतात.

बाळ मुळात ओळखायचं कसं? पहिल्या दिवशी चेहरा सुजलेला असतो आणि चेहऱ्यावरून फसायला होतं. शिवाय डोळ्यांच्या बुबुळातले पांढरट ठिपके पुस्तकात छान दिसतात, आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत शोधून सापडत नाहीत. भर द्या तो अंगातल्या ढिलेपणावर. बाळाला काखेत दोन्ही हातांनी धरून उभं उचला; नेहमीचं बाळ खांदे आवळून हातात टिकतं, हे हातातून खाली घसरल्यासारखं वाटतं. पालथं तळहातावर घेतलं तर डोकं आणि पाय दोन्हीकडून ओल्या टॉवेलसारखे लोंबतात. मग बघा मानेमागे सैल कातडी, बसकं नाक, वर गेलेले डोळ्यांचे बाहेरचे कोपरे, लहान कान, करंगळीचं आखूड मधलं पेर, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत चप्पलचा पट्टा मावेल एवढं अंतर. तळहाताची एकच आडवी रेघ सगळ्यांच्या तोंडी असते, पण ती डाऊन सिंड्रोमच्या साधारण निम्म्याच बाळांत असते आणि धडधाकट माणसांतही दिसते. नुसत्या रेघेवरून आईला काही सांगू नका आणि वहीत ओळही घालू नका. ही पाहणी दोनदा, पहिल्या २४ तासांत आणि घरी सोडण्याआधी, आईचं वय न बघता.

फवारणी आणि ग्रहणाचं. जास्तीचं गुणसूत्र गर्भ राहतो त्या क्षणीच तिथे असतं. दहातल्या नऊ वेळा ते बीजांडातून येतं, आणि बीजांडाचं विभाजन आई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना सुरू झालेलं असतं. पाचव्या महिन्यातलं ग्रहण किंवा सातव्या महिन्यातली फवारणी गर्भाच्या सगळ्या पेशींत एकेक गुणसूत्र घालू शकत नाही. नात्यातल्या लग्नानेही हे होत नाही. फवारणीचे दुसरे धोके खरे आहेत, २०१७ साली यवतमाळने ते भोगले. पण त्या धोक्याची लढाई या आकड्यांवर लढू नये. आणि सासूबाई सुनेच्या खाण्यापिण्यावर घसरल्या तर हेच त्यांना ऐकवा, जरा ठणकावूनच.

खरी वाढ कधी नसतेच असं नाही. जानेवारी १९८७ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये एका महिन्यात डाऊन सिंड्रोमची १२ बाळं मोजली गेली. अपेक्षा होती दोन-तीनची. चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात बरोबर नऊ महिन्यांपूर्वीचा, म्हणून खळबळ उडाली. युरोपातल्या इतर नोंदवह्यांत मात्र तशी सरसकट वाढ दिसली नाही आणि तो वाद संशोधकांत पुष्कळ रंगला. पण वाद घालता आला तोही आधीपासून चोख मोजणी होती म्हणूनच. तुमच्याकडे तीन वर्षांची बेरीज वयानुसार अपेक्षेच्या दुप्पट झाली, आणि नवे बालरोगतज्ज्ञ आल्याने किंवा एसएनसीयू वाढल्याने जास्त सापडताहेत असं नसेल, तर शेजारच्या दोन रुग्णालयांचे आकडे मागवून जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवा.

वार्ताहराला सांगा: यंदा तीन, गेल्या वर्षी तीन, यंदाचे अजून कच्चे. त्यापुढे एक शब्द नाही. गाव तर मुळीच सांगू नका. हजार वस्तीच्या गावात ‘एक बाळ’ म्हटलं की घर कळतं. वहीचा फोटो कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ देऊ नका, ‘फक्त स्टाफचा’ असला तरी.

राहिल्या त्या चार तारखा. डाऊन सिंड्रोमच्या शंभर बाळांत ४० ते ५० जणांच्या हृदयात दोष असतो आणि पहिल्या दिवसांत स्टेथोस्कोपला काहीही ऐकू न येता तो असू शकतो. म्हणून इको सगळ्यांचा, पहिल्या महिन्यात, गुणसूत्रांच्या अहवालाची वाट न बघता. मोठा दोष असेल तर शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत व्हावी लागते. उशीर झाला की फुफ्फुसांतला दाब कायमचा वाढून बसतो आणि मग सर्जनही नाही म्हणतात. अंगणवाडीत सातव्या महिन्यात सापडलेल्या बाळाचा इको झालाय का, हे वहीतला रकाना आखण्याआधी बघा. पहिल्या आठवड्यात एक हिमोग्राम, हिरवी उलटी झाली तर लगेच सर्जन, थायरॉइड जन्मताना, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे दरवर्षी. डाऊन सिंड्रोम आरबीएसकेच्या यादीतच आहे, त्यामुळे डीईआयसीची चिठ्ठी द्यायला गुणसूत्रांचा कागद हातात असायची गरज नाही. ‘संशयित’ लिहून पाठवा.

आणि नमुना परत आलेलं ते महिन्याचं बाळ. दोन आठवड्यांनी ते दीड महिन्याच्या लसीला येईलच. आशाताईंना आजच सांगून ठेवा, लसीचा दिवस सोमवार ते बुधवारमधला ठरवा, हिरव्या झाकणाची नळी आधी मागवून घ्या, आणि इको झाला नसेल तर त्याची तारीख मात्र लसीपर्यंत थांबवू नका. ती याच आठवड्यातली घ्या.